बेटावरची चौदा घरटी

नागसेन गजभिये कोळशाच्या खाणीत सर्व्हेअर होते. निवृत्त झाल्यावर दुसऱ्याच महिन्यात त्यांनी नागपूरजवळच्या कन्हान नदीच्या पात्रात एक पक्षी अंड्यांवर बसलेला पाहिला आणि पुढची नऊ वर्षं त्याच्या मागे गेली. नदी सुरय. डोक्यावर काळी टोपी, पिवळीधमक चोच, लाल पाय, कात्रीसारखी दुभंगलेली शेपटी. मार्च लागला की पाणी उतरतं, वाळूची बेटं उघडी पडतात आणि तिथल्या साध्या खळग्यात हा पक्षी दोन-तीन अंडी घालतो. काडी नाही, पान नाही. वाळू न्यायला ट्रॅक्टर उतरला, गुरं फिरली, कुत्र्यांना वास लागला किंवा वरच्या धरणातून पाणी सुटलं, की संपलं. गजभियेंनी पहिल्या वर्षी त्रेचाळीस घरटी मोजली होती. पाचव्या वर्षी एकोणीस.

हे लोकांना कळायला हवं म्हणून ते शाळाशाळांतून भाषणं द्यायचे. सोबत स्वतः काढलेले तक्ते असत. मुलं पाच मिनिटं ऐकत, मग बाकाखाली एकमेकांना पाय मारत. शिक्षक घड्याळ बघत. गजभियेंना ते सगळं दिसायचं, पण दुसऱ्या तऱ्हेने बोलायचं कसं हे त्यांना कळत नसे.

चंपतराव त्यांना नदीतच भेटले. उन्हाळ्यात पात्रातल्या वाळूत टरबुजाची वाडी लावणारा माणूस, चौथी शिकलेला, गजभियेंपेक्षा तीन वर्षांनी मोठा. वेलांजवळ कुणी येऊ नये म्हणून तो पक्ष्यांनाही गोफणीने हाकलायचा. गजभियेंनी दोन उन्हाळे त्याच्याशी हुज्जत घातली. शेवटी एका दुपारी त्याच्या डोळ्याला दुर्बीण लावली. पलीकडच्या बेटावर मादी उडाली, पाण्याला पोट टेकवून परत आली आणि ओल्या पोटाने अंड्यांवर बसली.

"बाप्पा!" चंपतराव म्हणाले. "हे त पोट ओलं करून अंडे थंडे करून राहिली! अन् मी हिले गोटे मारत होतो?"

त्या दिवसापासून गोफण गेली. गजभियेंना वाटलं, आपल्याला एक मदतनीस मिळाला.

पुढच्या वर्षी एका शाळेत तक्ता धरायला म्हणून त्यांनी चंपतरावांना सोबत नेलं. भाषण संपलं, मुलांनी टाळ्या वाजवल्या न वाजवल्यासारख्या केल्या आणि मुख्याध्यापिका शोभाताईंनी सहज विचारलं, "काका, तुम्हीही दोन शब्द बोलता का?" चंपतराव उभे राहिले. त्यांनी माइक घेतलाच नाही. नर चोचीत मासा धरून मादीसमोर कसा मान झुकवून उभा राहतो, मादी आधी कशी तोंड फिरवते, मासा लहान असला तर कशी निघून जाते, हे त्यांनी करून दाखवलं. मुलं बाकांवर उभी राहिली. घंटा झाली तरी कुणी हललं नाही. परत येताना मोटरसायकलवर मागे बसलेले चंपतराव म्हणाले, "साहेब, काही चुकलं त नाही ना?"

"नाही," गजभिये म्हणाले. आणि त्यांनी गाडीचा वेग वाढवला.

त्यानंतर बोलावणी चंपतरावांनाच येऊ लागली. कामठीच्या शाळा, नागपूरची कॉलेजं, एका गणेश मंडळाचा देखावासुद्धा. गावातली दहा-बारा पोरं आपणहून आली, त्यांचा एक गट झाला आणि तो बेटांवर राखण करू लागला. ट्रॅक्टरवाल्यांना चंपतरावांनी हात जोडून दुसऱ्या काठाला वळवलं. घरटी खरोखरच वाचू लागली होती. याचा आनंद व्हायला हवा, हे गजभियेंना कळत होतं. तो होत नव्हता.

सगळ्यात जास्त लागलं ते घरातलं. त्यांची मुलगी पायल नागपूरच्या रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात रिसेप्शनवर होती. सुटीच्या दिवशी ती नदीवर येऊन व्हिडिओ काढायची. बापाचा एक काढला, तो दोनशे लोकांनी पाहिला. चंपतरावांचा काढला, तो आठवड्यात चार लाखांवर गेला.

गजभिये तो व्हिडिओ रोज पाहायचे. जेवणाचं ताट समोर निवायचं.

"किती डाव पाहता तेच ते?" त्यांच्या पत्नी इंदूबाईंनी एकदा विचारलं.

"चार चुका आहेत यात. अंडी बावीस दिवसांत फुटतात म्हणतो. बावीस कुठून आणले यानं?"

"मंग सांगा त्याले."

"मी काहून सांगू? चार लाख लोक आहेत ना त्याले सांगायले."

इंदूबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि पोळी वाढली. "तुमीच त शिकवलं त्याले," त्या म्हणाल्या. तेच तर दुखणं होतं.

फेब्रुवारीत रामदासपेठेतल्या एका संस्थेने चंपतरावांचा सत्कार ठेवला. गजभियेंना पहिल्या रांगेत खुर्ची होती. निवेदिकेने त्यांची ओळख 'चंपतरावांचे सहकारी श्री. नागेश गजभिये' अशी, नावही चुकवून, करून दिली. चंपतराव बोलायला उभे राहिले, सभागृह हसलं, गप्प झालं, पुन्हा हसलं. बोलण्याच्या भरात ते म्हणाले, "मागल्या साली आमी चाळीस घरटे राखले."

"एकवीस," गजभिये खालून म्हणाले. आवाज त्यांना वाटला त्यापेक्षा मोठा निघाला.

मागे कुणीतरी चुकचुकलं. चंपतरावांनी जीभ चावली आणि हात जोडले. "साहेब बरोबर सांगून राहिले. एकवीसच. मले मोजता येत नाही, मोजतात ते. मी त नुसता बडबडतो." लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्याही चंपतरावांच्या मोठ्या मनासाठी. गजभियेंना कानापर्यंत ऊन लागल्यासारखं झालं.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात खालच्या बेटावर चौदा घरटी होती. एका मंगळवारी सकाळी नऊ वाजता गजभियेंचा फोन वाजला. कुशल, त्यांच्या मित्राचा मुलगा, धरणाच्या कार्यालयात नोंदी ठेवायचा.

"काका, खालच्या गावांना पिण्याचं पाणी सोडायचा आदेश आला. बाराला गेट उघडतील. तीन-चारपर्यंत तुमच्याकडे पोचेल. हात-दीड हात पाणी वाढेल. तुमच्या लोकांना सांगून ठेवा."

काय करायचं ते ठरलेलं होतं. आदल्या वर्षी असंच पाणी आलं तेव्हा चंपतरावांनीच युक्ती काढली होती. घरट्याला लागूनच वाळूने भरलेली पोती रचायची, वर वाळू पसरून खळगा करायचा आणि अंडी अलगद तिथे उचलून ठेवायची. जागा हातभरच सरकते, त्यामुळे पक्षी परत येऊन बसतात. नऊ जणांनी तीन तासांत अकरा घरटी वर घेतली होती.

गजभियेंनी फोनमध्ये चंपतरावांचं नाव काढलं. चंपतराव त्या दिवशी नागपूरला, रेडिओवर मुलाखतीला गेले होते. पोरंही त्यांच्यासोबत होती. फोन केला असता तर सगळे मुलाखत सोडून तासाभरात नदीवर आले असते, याबद्दल गजभियेंना तिळभर शंका नव्हती. आणि संध्याकाळी पायलने व्हिडिओ टाकला असता: रेडिओ सोडून घरट्यांसाठी धावलेले चंपतराव.

त्यांनी फोन खिशात टाकला. एकदा तरी, एकट्या नागसेन गजभियेने बेट वाचवलं, असं होऊ दे. सात तास आहेत. जमेल.

पोती शोधण्यातच साडेदहा वाजले. बेटापर्यंत गुडघाभर पाण्यातून चार खेपा कराव्या लागल्या. वाळू तापली होती, फावड्याचा दांडा हाताला चटके देत होता, डोक्यावर पक्षी किंचाळत घिरट्या घालत होते. एकोणसत्तर वर्षांचं शरीर. एका घरट्याला चाळीस मिनिटं लागत होती. दुसरं घरटं झाल्यावर त्यांनी गणित केलं आणि ते जमत नव्हतं. अजूनही फोन करता आला असता. एक वाजला होता. त्यांनी फोन बाहेर काढला, पाहिला आणि परत ठेवला. आता सांगितलं तर 'एवढा वेळ काय करत होता' हा प्रश्न येणार.

साडेतीनला पाण्याचा रंग बदलला. गढूळ पाणी आवाज न करता बेटाच्या कडेने वर आलं. सहा घरटी पोत्यांवर होती. सातव्याची अंडी ते ओंजळीत घेत होते तेवढ्यात पायाखालची वाळू सरकली, ते आडवे पडले आणि ओंजळ मोकळी झाली. उरलेल्या सात खळग्यांत पाणी शिरताना ते कोपरावर टेकून पाहत राहिले. एक मादी शेवटपर्यंत बसून होती. पाणी तिच्या छातीला लागलं तेव्हा उडाली.

संध्याकाळी चंपतराव धावत आले. काठावर बसलेल्या गजभियेंचे सोलवटलेले तळवे त्यांनी आपल्या हातात घेतले आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"साहेब, एकल्यानं सहा वाचवले तुमी! अन् आमी तिकडं मशीनसमोर गप्पा हाणत होतो."

पायलने बापाचे हात, पोत्यांवरची घरटी, वर परतून बसलेले पक्षी, सगळं टिपलं. त्या व्हिडिओला रात्रीतून दोन लाख लोक मिळाले. फोन येऊ लागले. एका कॉलेजने बोलावलं. शेजारचे लोक घरी येऊन बसू लागले. इंदूबाईंनी हळद लावून पट्ट्या बांधल्या आणि पहिल्यांदाच म्हणाल्या, "चांगलं केलं." गजभियेंना हवं होतं ते सगळं आलं होतं, आणि तो व्हिडिओ त्यांना एकदाही पाहवला नाही.

शनिवारी शोभाताईंच्या शाळेच्या पटांगणात गटाची सभा झाली. हार चंपतरावांनीच आणला होता. त्यांनी तो गजभियेंच्या गळ्यात घालून सगळ्यांना सांगितलं, "पाणी अचानक आलं, कोणालेच खबर नव्हती, तरी हा माणूस हजर होता. याले म्हणतात राखण."

गजभियेंनी हार काढून टेबलावर ठेवला.

"खबर होती," ते म्हणाले. "मले नऊ वाजता फोन आला होता."

कुणाला आधी समजलं नाही. पायलने मोबाइल खाली घेतला.

"सात तास होते. तुम्हाला सांगितलं असतं तर चौदाही वाचली असती. मी नाही सांगितलं."

"काहून?" चंपतराव म्हणाले.

"तुम्ही आले असते तर ते तुम्ही वाचवले असते." गजभियेंनी टेबलावरचा हार बाजूला सरकवला. "मले तुमचा हेवा वाटते चंपतराव. पहिल्या शाळेपासून. मी तुमाले दुर्बीण दिली अन् तुमी माझं सगळं घेऊन गेले, असं वाटे."

चंपतरावांनी चपला घातल्या. मग ते फाटकातून निघून गेले. मागोमाग पोरं गेली. पायलने तो व्हिडिओ काढून टाकला.

पाचव्या दिवशी गजभिये टरबुजाच्या वाडीवर गेले. चंपतराव वेलींना पाणी घालत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"मी माफी मागायला आलो."

"मले काहून मागता? माझं का गेलं?" चंपतरावांनी बादली खाली ठेवली. "आठ घरटे होते ते साहेब. मी घेऊन गेलो म्हणता. का घेऊन गेलो मी? लोकं हासतात, टाळ्या वाजवतात, अन् घरी येऊन मी तेच टरबूज तोडतो. तुमी मले सांगतलं असतं का चंपत, तू बोलू नको, मी बोलतो, त मी बोललो नसतो. आईची आण."

गजभियेंना ते खरं आहे हे माहीत होतं. म्हणूनच त्यांनी कधी सांगितलं नव्हतं.

"आता का करू?" त्यांनी विचारलं.

"सहा घरटे हायेत. पोरं कालेजात जातात. दुपारी बारा ते चार कोणी नसते अन् तवाच कुत्रे येतात. ती पाळी तुमची." एवढं बोलून चंपतराव पुढच्या वाफ्याकडे वळले.

एप्रिल-मेची नागपूरकडची दुपार आणि उघडी वाळू. गजभिये डोक्याला ओला दुपट्टा बांधून छत्रीखाली बसत. कुत्र्यांची एक टोळी रोज यायची, ते काठी आपटत उठायचे. पाणी सोडण्याची खबर आता एकट्याकडे येत नव्हती, कुशलने गटातल्या सगळ्यांचे नंबर घेतले होते. सहापैकी पाच घरट्यांत पिल्लं निघाली. वाळूच्या रंगाची, मुठीएवढी, हलली तरच दिसणारी.

मेच्या पहिल्या आठवड्यात शोभाताई सकाळी साडेसहाला चाळीस मुलं घेऊन काठावर आल्या. टेलिस्कोप गजभियेंनी लावून दिला, रांगही त्यांनीच धरली. बोलत होते चंपतराव. दोघांत कामापुरतं बोलणं सुरू झालं होतं, त्याहून जास्त काही नाही.

एका मुलीने रिकाम्या वाळूकडे बोट दाखवून विचारलं, "आजोबा, तिकडे घरटी का नाहीत?"

गजभियेंनी टेलिस्कोपवरून मान वर केली. चंपतरावांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. ते मुलीसमोर उकिडवे बसले.

"पाणी आलं बाई. अन् आमाले उशीर झाला. मोठ्या माणसायले बी होते कधी कधी उशीर. म्हणून आता आमी रोज येतो."

मुलीने मान डोलावली. चाळीस मुलं त्या रिकाम्या जागेकडे वळून पाहू लागली. गजभियेंना चंपतरावांनी 'आमाले' म्हटलेलं ऐकू आलं. छातीत काहीतरी सैल झालं, आणि लगेच त्याच जागी हेव्याची ती ओळखीची कळ उठली. एवढं साधं, एवढं पुरेसं सांगणं त्यांना स्वतःला शंभर वर्षांत सुचलं नसतं.

त्यांनी टेलिस्कोप पिल्लावर नेमका केला आणि रांगेतल्या पुढच्या मुलाला जवळ बोलावलं.