दुसरी रोळी

घरात रोळी असताना दुसरी रोळी काहून? माहा एवढाच सवाल व्हता. राधिका, माही धाकटी सून, भाकर थापता थापता सहज बोलल्यासारखं म्हनली, "मामी, उद्या जवळ्याचा बाजार हाय. स्टीलची रोळी घ्यावं म्हनते. तुमी चला संगं. तुमच्यासारखी पारख कोनाला न्हाई."

गोड बोलनाऱ्या मानसाचा मला पहिल्यापासून भरोसा न्हाई. आन् राधिका तर कधी गोड बोलनारी न्हाईच. रोळी म्हनजे काय, डाळ-तांदूळ धुवायचं, भाजी निथळायचं भोकाभोकाचं भांडं. एक हाय की घरात! थोरल्या सुनेच्या, सत्यशीलाच्या लग्नात आलेली, चांगली घमेल्याएवढी. नऊ मानसाचे तांदूळ एका खेपेला धुऊन निघतेत. ना फुटली, ना वाकली. मंग दुसरी कशाला? आज रोळी, उद्या तवा, परवा परात. चूल दुसरी मांडायची असली की भांडी अशीच एक एक करून घरात शिरतेत. माह्या धाकट्या जावंनं असंच केलतं. आधी एक कढई आनली, माहेरून आली म्हनली. पुढच्या दिवाळीला वाड्यात मधोमध भिंत उभी.

ते मी पुन्यांदा होऊ देनार न्हवते. गेल्या साली हिंगोली परभणीपासून येगळी निघाली. जिल्ह्याचं काई बी होऊ दे, माह्या घरात येगळं निघनं चालनार न्हाई. हनुमान थोरला, शिवशंकर धाकटा, दोघं भाऊ एका चुलीचं खातेत, हेच माहं सारं. गावात इचारा, दोन सुना असून एक चूल असलेली घरं किती राह्यली ते.

ती चूल काय उगं टिकली का? मी डोळ्यात तेल घालून टिकवली. साखरेच्या डब्याला कुलूप माहं. तेलाच्या बाटलीवर कोळशानं रेघ वढायची मी, आन् सांच्याला बघायची, रेघ कुठं आन् तेल कुठं. सत्यशीला माहेराला निघाली की तिची पिशवी खाली-वर करून बघायची. निघालं कधी काई न्हाई, पन बघायला काय जातं? म्हाताऱ्याचं, माह्या मालकाचं बी तेच. शेळ्यांचं दूध काढून आनलं की मी तांब्या हातात घेऊन अंदाज बांधायची, वाटंत कोनाला वतलं तर न्हाई. म्हातारं काई बोलायचं न्हाई. सभावच गरीब. अशा गरीब मानसाला लोकं लुटतेत, म्हनून मलाच जागं ऱ्हावं लागतं.

त्यात दोन म्हैन्यापासून घरात कुठंतरी पानी मुरून राह्यलं व्हतं. मी सैपाकाच्या सपरात पाय ठेवला की दोघी जावा गप. शिवशंकरनं शेळ्यांच्या गोठ्याबाजूची खोली रिकामी केली, चुना मारला, पत्रा बदलला. इचारलं तर म्हने, सोयाबीनची पोती ठेवायला. पोत्यांना चुना कशाला रे बाबा? पोती काय भिंती बघत बसतेत? आन् आमचं म्हातारं तर माह्याकडं बघायचंच बंद झालं. जेवायला बसलं की मान खाली, हात धुतला की वावराची वाट.

एवढं सारं दिसून राह्यलं, आन् वरून ही रोळी. मी समजले. राधिका येगळं निघून राह्यली. खोली तयार झाली, आता भांडी गोळा करनं चालू.

"येते की," मी म्हनलं. "काहून न्हाई येनार?" न्हाई गेले तर हिचं पितळ उघडं पाडनार कसं?

सकाळी मी पदराच्या गाठीत मूठभर मुगाची डाळ बांधली. फुटक्या रेडिओतलं लोहचुंबक कमरेच्या पिशवीत टाकलं. स्टील घ्यायचं तर लोहचुंबक पाह्यजेच. चिटकलं की समजावं, दुकानदार स्टीलच्या भावात लोखंड गळ्यात मारून राह्यला. जीपमधी राधिका कडंला बसली, मी तिला खेटून. तोंड दिसलं पाह्यजे ना.

"राधिका," मी म्हनलं, "घरची रोळी काय झाली?"

"काई न्हाई झालं. हाय की."

"मंग ही कशाला?"

"असावी मामी, एक."

"कोनाला असावी?"

ती बाहीर बघाया लागली. म्हनली, "औंदा कापूस चांगला हाय, न्हाई?"

आगं बया! ताकाला जाऊन गाडगं लपवती, ते बी माह्यापासून? कापूस काय मला दिसत न्हाई? पन मी दात दाबून बसले. चोराला पळू द्यावं, मंग मुद्देमालासकट धरावं.

जवळ्यात अमृतरावाचं भांड्याचं दुकान. मानूस बोलका, म्हनून मी त्याच्यापासून जरा जास्तच सावध. रोळ्या एकात एक घालून ठेवल्या व्हत्या. त्यानं पहिली काढून म्होरं ठेवली, लखलखती. मी लोहचुंबक लावलं. टच्चदिशी चिटकलं.

"हे काय हो अमृतराव? लोखंड इकता का?"

"मावशी, ती सस्तातली हाय. तुमी दाखवा म्हनल्या, दाखवली."

दुसरी चिटकली न्हाई, पन काठ दोन्ही अंगठ्यांनी दाबला तर आत गेला. पत्रा निस्ता पापडावानी. तिसरीचे कान वरच्या वर चिटकवलेले, ना खिळा ना काई. एक कान वढला तर हलाया लागला. ओले तांदूळ घेऊन उचलली की कान हातात, तांदूळ मातीत. चौथी हाताला जड लागली, कान बी खिळ्यांचे. मला वाटलं, ही बराबर हाय. तर राधिकानं ती माह्या हातून घेतली, उलटी केली, आन् बुडावरून हळूच पदर फिरवला. पदराचा धागा अटकला.

"मामी, भोकं घासलेली न्हाईत हिची. धुताना हात कापंल."

मी बघतच राह्यले. ही राधिका! घरात कप-बशा हिच्या हातानं फुटतेत. घरची परात कधी नीट घासत न्हाई. आन् इथं भोकं बघून राह्यली? बाई एवढ्या बारीक नजरेनं कधी बघती? स्वताचा संसार मांडायचा असला तरच. पन तोंडावर दाखवलं न्हाई.

मी गाठ सोडून डाळ त्या चौथीत वतली. मूग भोकातून खाली सतरंजीवर. "ह्यातून तर समदं गटारात जाईल," मी म्हनलं.

अमृतराव हासला. "मावशी, रोळी बघायला आल्या का पोरगी बघायला?"

"पोरगी बघताना एवढं बघितलं असतं तर हे दिवस आले न्हसते," मी राधिकाकडं बघून म्हनलं. दुकानातली मानसं हासली. राधिका हासली न्हाई.

मंग अमृतरावानं मागच्या फळीवरून पाचवी काढली. लोहचुंबक चिटकलं न्हाई. काठ दाबला, हलला न्हाई. कानाला दोन दोन जाड खिळे. खाली बसायला गोल कडं, त्याच्यावर अशी टेकली की डुगडुग न्हाई. भोकं बारीक, घासलेली, मुगाचा एक दाना खाली पडला न्हाई. खोट काढायला जागाच न्हवती. फकस्त एक, ती लहान व्हती. दोन ओंजळी तांदूळ बसतीन न बसतीन.

"हीच," राधिका म्हनली. "हीच द्या."

"एवढीशी? नऊ मानसाला?"

"ह्याच्याहून मोठी नको. पन मजबूत हाय ना मामी? नीट बघा एकडाव. लई वरीस टिकली पाह्यजे. पुन्यांदा घ्यायची येळ यायला नको."

बस. माहं डोकं फिरलं. ती, तिचा नवरा आन् एक लेकरू, तिघांपुरती रोळी. आन् वरून टिकाऊ हाय का म्हनून मलाच इचारती! माह्याच हातानं माहं घर मोडायचं भांडं पारखून घेती! भर दुकानात मी तिचं मनगट धरलं.

"राधिका, सरळ सांग. येगळं निघून राह्यली का तू?"

तिचं तोंड उतरलं. "न्हाई, मामी."

"लेकराची शप्पथ घे."

"लेकराची शप्पथ. मी आन् हे कुठंबी जानार न्हाईत. त्याच घरात, त्याच चुलीवर, जाऊबाईंच्या संगं."

लेकराची शप्पथ कोनती माय खोटी घेत न्हाई. माहा हात ढिला पडला. पन मंग रोळी कोनाची? तेवढ्यात अमृतरावानं नाव टाकायची मशीन हातात घेतली. भांडं घेतलं की नाव टाकून घ्यायचंच, न्हाईतर लग्नाकार्यात गेलेलं भांडं परत येत न्हाई. आन् नाव ज्याचं, भांडं त्याचं. मी कान टवकारले.

"नाव काय टाकू?" त्यानं इचारलं.

राधिका खाली बघून म्हनली, "सिंधूबाई."

सिंधूबाई! माहं नाव! खोटं काहून सांगू, मला भरून आलं. त्या घरात येऊन माही उमर गेली, पन एका वाटीवर बी माहं नाव न्हवतं. जुन्या तांब्या-पितळंवर सासऱ्याचं, नव्या स्टीलवर पोरांचं. आन् ही पोरगी, जिची मी रोज झाडाझडती घेते, ती माह्या नावाची रोळी घ्यायला मला बाजारात घेऊन आली. आन् मी तिला चार मानसांत लेकराची शप्पथ घ्यायला लावली. मला माहीच लाज वाटली. मी तिच्या गालावरून हात फिरवला आन् कानशिलावर बोटं मोडली.

"येडी का खुळी गं तू? आधी बोलायचं न्हाई? आन् माह्या नावाची घ्यायची तर मोठी घे की! नऊ मानसाचं भागलं पाह्यजे."

राधिकाच्या डोळ्याला पानी आलं. मला वाटलं, मायेचं हाय.

"मोठी कशाला मामी?" ती म्हनली. "तुमच्या एकटीचं भागंल हिच्यात."

अमृतरावाची मशीन घरघर कराया लागली व्हती.

"एकटीचं?"

"ती गोठ्याबाजूची खोली तुमच्यासाठी केली. चूल बी घातली परवा. तुमचं तुमी करून खायाचं, तुमच्या मनासारखं. दाना, पीठ, तेल सारं आमी आनून देऊ. काई कमी पडू देनार न्हाई. पन मामी, रोज ती रेघ, रोज ते कुलूप... त्या दिवशी माह्या लेकराचं तोंड उघडून बघितलं तुमी, साखर खाल्ली का म्हनून. लेकरू दोन दिवस नीट जेवलं न्हाई. आता न्हाई सहन होत."

"हे तुह्या डोक्यातलं?"

"समद्यांच्या."

"सत्यशीलाच्या?"

"व्हय."

"हनुमानच्या? शिवशंकरच्या?"

"व्हय, मामी."

मी तिथंच भांड्यांच्या पोत्यावर बसले. पोरं बायकांचं ऐकतेत, ऐकू द्या. सुना परक्याच्या, त्यांचं काय. पन मी काई एकटी न्हवते. घरात एक मानूस तरी माहं हाय. मी डोळे पुसले आन् अमृतरावाला म्हनलं, "थांबा. हिच्याहून एक नंबर मोठी दाखवा. मी आन् आमचं म्हातारं, दोघं जन हावोत. दोघांना ही पुरत न्हाई."

राधिकानं माहा हात धरला. लई हळू बोलली ती.

"मामा आमच्यातच जेवनार हायेत. तेच म्हनले, तिला भांडी नीट पाहून घ्या, टिकतीन अशी. मोठी नका घेऊ म्हनले."

मला रडू बी येईना. जीपमधी बसताना मला वाटलं व्हतं, मला समदं दिसतं. म्हातारं खाली मान घालून जेवायचं, ते बी दिसलं व्हतं. पन ते राधिकाला भ्यायलं असंल असंच मी धरून चालले. म्हातारं मला भ्यायलं, हे माह्या मनाला शिवलं बी न्हाई.

मशीन थांबली. अमृतरावानं फुंकर मारून काठ पुसला. "सिंधूबाई झालं मावशी. पुढं मालकाचं नाव काय?"

राधिका गप. सून सासऱ्याचं नाव घेत न्हाई. मी बी कधी घेतलं न्हवतं. लग्नात उखान्यात घेतलं तेवढंच, त्याच्यानंतर रेशनाच्या दुकानात असो का मतदानाला, कोनीतरी दुसरंच मानूस सांगायचं आन् मी मान हालवायची. अमृतराव मशीन धरून वाट बघून राह्यला.

"त्याचं नाव ज्ञानबा हाय," मी म्हनलं. "पन ते टाकू नका."