समासातली झाकलेली ओळ

मित्रांनो, मी एक जुने कवितांचे पुस्तक आहे. कोरगावच्या शाळेतल्या कपाटात वरून दुसऱ्या फळीवर माझी जागा. माझ्या पुढच्या निम्म्या पानांत जुन्या कविता आहेत, ओव्या आणि अभंगांच्या चालीवरच्या. मागच्या निम्म्यांत नव्या, यमक नसलेल्या. पण खरे सांगू? मुले मला उघडत ती समासातल्या पेन्सिलीच्या टिपांसाठी.

त्या टिपा शांताराम मास्तरांच्या. गोवा मुक्त झाल्यावर ते घाटावरून इथे शिकवायला आले आणि पेडण्याहून पुस्तकांच्या गठ्ठ्यातून मला घेऊन आले. ते मुलांना म्हणत, "कवितेत दिवा आला की आधी खरा दिवा डोळ्यांपुढे आणा. वात, तेल, काजळी. मग विचारा, तो कशाचे प्रतीक आहे." आणि माझ्या समासात बारीक अक्षरात लिहीत, दिवा म्हणजे जिवाची आशा. एका वर्षातच त्यांची बदली झाली. टिपा माझ्याजवळ राहिल्या.

त्यांच्या वर्गातली वत्सला पुढे त्याच शाळेत बाई झाली. वत्सलाबाईंनी मला जिवापाड जपले. पाने कडेने फाटू लागली तेव्हा त्यांनी घरी खळ शिजवून कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या. एका पानावर पट्टी जरा रुंद बसली आणि मास्तरांच्या टिपेची शेवटची ओळ तिच्याखाली गेली. बाईंना ते कळले नाही. मला कळले, पण मी सांगणार कसे?

त्या पानावर 'दार' नावाची कविता होती.

भरतीचे पाणी दाराशी आले,
दार काही न बोलता मिटले.
पाणी थापा मारीत राहिले,
दार ओले झाले, उघडले नाही.

शेजारी टीप होती, दार म्हणजे निष्ठुर मन. पाणी म्हणजे मदत मागायला आलेला दुःखी माणूस. पंचवीस वर्षे मुलांनी हीच टीप वहीत उतरवली, पाठ केली आणि परीक्षेत लिहिली. कुणी थांबले नाही.

थांबली ती देवकी. त्या वर्षी पेडण्यात तालुक्याची रसग्रहण स्पर्धा होती. पाच कवितांतून चिठ्ठी उचलायची आणि निघेल त्या कवितेचा अर्थ उलगडून सांगायचा. शाळेतून एकच मूल जाणार होते. बाईंनी देवकीला निवडले. तयारी चालू असताना 'दार'पाशी येऊन ती गप्प झाली.

"काय गो झाला?" बाईंनी विचारले.

"बाई, ता दार वायट नाय."

"कुणी सांगला तुका?"

"आमच्या खाडीच्या बांधाचा दार बाबा सांभाळतत. भरती इली की ता मिटता. मिटला नाय तर खारा पाणी शेतात भरात. मगे तीन वर्सां भात नाय."

मागच्या बाकावरून कमल म्हणाली, "बाई, हिका पेडण्याक नको, बांधार धाडा." वर्ग हसला.

बाई हसल्या नाहीत. "चेडवा, मास्तरांपेक्षा तू शाणी? टीप बदलूची आसात तर कमल जायत. ठरव."

देवकीने मान खाली घातली. पुढचे आठ दिवस तिने मला घरी नेऊन टीप घोकली. निष्ठुर या शब्दापाशी तिचा आवाज दर वेळी अडखळे, आणि पट्टीखालची ओळ मला टोचत राही.

स्पर्धेच्या दिवशी ती मला मांडीवर घेऊन बसली होती. तिचा अंगठा नेमका त्या पट्टीच्या कडेवर होता. घामाने खळ भिजली. ती नखाने कड खरवडत होती, पण डोळे मंचाकडे. मी मनात म्हणत होतो, खाली बघ पोरी, एकदा खाली बघ. तेवढ्यात तिचे नाव पुकारले.

चिठ्ठीत 'दार' निघाले.

देवकीने मला छातीशी धरून कविता म्हटली. तिच्या काळजाचे ठोके माझ्या पुठ्ठ्यावर आपटत होते. "दार म्हणजे निष्ठुर मन," ती म्हणाली आणि थांबली. समोर दुसऱ्या रांगेत वत्सलाबाईंचे ओठ पुढचे वाक्य पुटपुटत होते. परीक्षकांनी घड्याळ पाहिले.

"असे आमच्या पुस्तकात लिहिले आहे," देवकी हळू म्हणाली. "पण असे दार मी रोज बघते. ते रागाने मिटत नाही. त्याच्या पाठीमागे कोवळे भात असते. पाणी थापा मारते तेव्हा फळ्या कुरकुरतात. ओहोटी लागली की दार आपणहून उघडते. कवीने लिहिले आहे, दार ओले झाले. निष्ठुर माणूस ओला कशाला होईल? मला वाटते, हे दार म्हणजे बाहेरचे सगळे स्वतःवर घेणारा माणूस. आतल्यांना ते कळूही देत नाही."

घंटा झाली. देवकी खाली आली ती बाईंकडे न बघता.

तिला दुसरा क्रमांक मिळाला. परतीच्या बसमध्ये त्यांनी मला तिच्या हातातून घेतले आणि सुटलेली पट्टी पाहिली. "पट्टी खरवडलंस?" त्या म्हणाल्या. देवकीच्या डोळ्यांत पाणी आले.

पट्टी बोटाने दाबून बसवायला बाई वाकल्या, आणि वाकलेल्याच राहिल्या. निघालेल्या कागदाखाली मास्तरांचे अक्षर होते.

'हा नुसता तर्क. मी भरती पाहिलेली नाही. इथल्या मुलांना विचारावे.'

बाईंनी ती ओळ देवकीच्या समोर धरली. तिने वाचली आणि बाईंकडे पाहिले.

"मास्तरांका इचारूक वेळच गावलो नाय," बाई म्हणाल्या. "आणि मी तर झाकूनच ठेवलंय. आयतवारी भरती कितक्या वाजता गो? माका तुमचा दार बघूचा आसा."

त्यांनी पर्समधून पेन्सिल काढून देवकीच्या हातात दिली. धावत्या बसमध्ये तिने लिहिले. मास्तरांच्या ओळीखाली ते वेडेवाकडे अक्षर अजून आहे: 'विचारले. दार भात राखते.'

मित्रांनो, आता माझी शिवण सैल झाली आहे. मला कव्हर घाला, वाळवीपासून जपा, ओल्या हातांनी धरू नका. पण जपताना माझा समास झाकू नका. टीप पाठ करण्याआधी एकदा बांधावर जाऊन या. देवकीच्या ओळीखाली अजून दोन बोटे जागा कोरी आहे.