दुसरं बोलावणं

करंड्याचं झाकण एका कडेला चेपलेलं, अंगठ्यानं दाबून फिरवलं की उघडतं, नाहीतर बसा झगडत... आणि ते फिरवता फिरवता सरजाबाई थांबली, कारण आतलं कुंकू आज तिचं स्वतःचं होतं. झरी गावच्या न्हाव्याच्या घरात ती नवरी होऊन आली तेव्हापासून करंडा तिच्या हातात. गावात कोणाचं बारसं असो, कोणाची हळद असो, दारोदार फिरायचं, बायांच्या कपाळाला बोट लावायचं, आवतण सांगायचं. घरटी एक, नाहीतर चूलबंद. चूलबंद म्हणजे त्या घरानं त्या दिवशी चूलच पेटवायची नाही, सगळ्यांनी जेवायला यायचं. आणि मग परत जाऊन सांगायचं, कोण येणार, कोण नाही. 'येऊ की' म्हणणारी येत नाही. 'बघू' म्हणणारी येते, पण उशिरा, चार माणसांनी बघावं म्हणून. जी काही न बोलता कपाळ पुढं करते ती हमखास येते, लेकरंबाळं घेऊन येते. इतक्या वर्षांत इतक्या दारांचे होकार-नकार वाहिले... आणि स्वतःला आवतणं किती आली? आवतण सांगणारीला कोण आवतण सांगतो? ती असतेच की तिथं. भांड्यापाशी.

आज नातीचं बारसं. आधी जेवणं, मग पाळणा.

पहिलं दार दिनकररावांचं, गावातलं सगळ्यांत मोठं खळं त्यांचं. पहिलं तेच असतं, आवतण कोणाचंही असो. त्यांची बायको धुरपताबाई ओट्यावर हरभऱ्याचे घाटे सोलत बसली होती.

"कोणाचं गं आवतण, सरजे?"

"माझंच हाय, बाई. नातीचं बारसं. चूलबंद."

धुरपताबाई हसली. वाईट नाही हसली, म्हणूनच ते जास्त लागलं. "आमची चूल तू बंद करणार व्हय?" मग कपाळ पुढं केलं. "येऊ की. आन् खालच्या वस्तीला बी चूलबंदच सांगणार म्हणं?"

"इथनं तिकडंच चालले."

"सांग की, कोन नको म्हणतंय? आमी उठलो की बसव त्यान्ला. आगं, संक्रांतीला विद्यापीठाचं नाव बदललं म्हणून पंगती बदलत्यात व्हय?" दोन घाटे सोलून झाल्यावर तिनं वर पाहिलं. "दुसरं बोलावणं धाड. मग बघू."

दुसरं बोलावणं! पानं मांडली की पुन्हा दारी जाऊन सांगायचं, चला, सैपाक झाला. त्याशिवाय मानाचं माणूस उंबरा ओलांडत नाही. या घराला तर दोन झाली तरी तिसरं लागतं... आणि सरजाबाई तिसरं करायला पळते आहे, तिकडं पंगत वाढलेल्या पानावर हात आखडून बसली आहे, वरण गार होतंय, लेकरं रडतायत, आणि हे पाय धुतायत. सावकाश. एकेक बोट. आणि खालच्या वस्तीला दुसरं बोलावणं कधीच नाही. सगळं गाव जेवून उठलं की रस्त्यावरूनच हाळी द्यायची, या रे. आपापलं ताट घेऊन यायचं, गोठ्याच्या कडेला बसायचं. हाळी कोण द्यायचं? मीच.

वस्तीत वच्छलाबाई दारातच भेटली. तिनं कपाळ पुढं केलं, पण तोंड थांबलं नाही. "ताट घेऊन येऊ, सरजाअक्का, का हात हालवत?"

"हात हालवत ये."

"पहिल्या पंगतीला, का उरल्यावर? आत्ताच सांग बाई, मी लेकरान्ला भाकर खाऊ घालून आणते."

"चूलबंद म्हणाले न्हवं? पेटवू नको."

बोलून गेली. घरी येऊन वांगी चिरताना ते बोलणं तिच्यापुढं येऊन बसलं. नवरा सटवाजी चुलवणात लाकूड सारत म्हणाला, "दोन पंगती कर. काय बिघडतंय? वर्साचं बलुतं दिनकररावाच्याच घरचं हाय. दाणे बंद केले मंजी?"

तिनं पुढचं वांगं उचललं. दर आठवड्याला हा माणूस वस्तरा घेऊन ज्याच्या नरड्यापाशी बसतो, त्यालाच भितो. पण खोटं तरी काय बोलला? बस स्टँडवरच्या त्याच्या दुकानातल्या खुर्चीवर घर चालत नाही. ज्वारी त्या खळ्यावरूनच येते. दोन पंगती केल्या तर कोणी नाव ठेवणार नाही, वच्छलासुद्धा हसून घेईल. तिला हसून घ्यायची सवय आहे, मला हाळी द्यायची सवय आहे... सवयीनंच तर मारलं.

उन्हं डोक्यावर आली. बुंदी निघाली, भात उतरला, अंगणात पत्रावळी पडल्या. सरजाबाईनं पदर खोचला आणि तेव्हाच तिला ते दिसलं, इतकं स्वच्छ दिसलं की हसू आलं — धुरपताबाई आत्ता चांगलं लुगडं नेसून ओट्यावर बसली असेल. वाट बघत असेल. माझी! मी दारात जाऊन उभी राहीन, हात जोडीन, ती म्हणेल, खालचे बसले का गं? मग आमचं नंतर बघू. त्याशिवाय तिला नाही म्हणता येत नाही. नकार द्यायलाही समोर कोणीतरी उभं लागतं. आजवर ते उभं राहणं मी पुरवत आले. आज पुरवणार नाही. बस. एवढंच तर आहे!

"वर चाललीस न्हवं?" सटवाजीनं विचारलं.

"खाली."

त्याच्या हातातलं लाकूड तसंच राहिलं.

वस्तीच्या रस्त्यावर तिचे पाय जड पडायला हवे होते. पडले नाहीत. रस्त्यावरून हाळी द्यायची जागा आली, मागं पडली. वच्छलाबाईच्या उंबऱ्याशी जाऊन ती उभी राहिली आणि आयुष्यात पहिल्यांदा तिनं इथं ते शब्द उच्चारले. "चला. पानं मांडली."

वच्छलाबाईनं बसल्या जागेवरूनच वरच्या आळीकडं पाहिलं. मग तिनं हळूच विचारलं, "वरलं बोलावणं झालं?"

"कुंकू लावून केलंय सकाळी. पाय असले तर येतील."

"आगं बया!" वच्छलाबाई तोंडावर पदर घेऊन हसली आणि गल्लीत ओरडली, "निघा गं! ताटं ठिवा ती. दुसरं बोलावणं आलंय आपल्याला!"

पंगत बसली. न्हाव्या-कोष्ट्यांच्या बाया होत्या, काही लांब सरकून बसल्या, एक तर पोटात दुखतंय म्हणून उठून गेली. जा. तिच्या जागी वच्छलाबाईची सून बसली. सटवाजी वरणाची बादली घेऊन उभा, डोळे गल्लीकडं. "थांबावं का जरासं?"

"वाढा."

तो वाढू लागला. वरण पत्रावळीबाहेर सांडत होतं, पण वाढत होता. सरजाबाई वच्छलाबाईच्या शेजारी बसली आणि तिनं भात कालवला. सुगीला खळ्यावर काय होईल? भीती होती, नाही कशी. पण त्या भीतीच्या बाजूनं घास खाली उतरत होता, आणि हे नवीन होतं. जन्मभर उकिडवं बसून जेवली ती, एक पाय उठायच्या तयारीत... कोणी हाक मारील, कुठं जावं लागेल. आज तिनं मांडी घातली होती. कधी घातली, तिलाही कळलं नव्हतं. गल्लीत कोणाच्या तरी वहाणा वाजत होत्या, येत होत्या की जात होत्या... पंगतीतल्या दोन-चार माना तिकडं वळल्या. तिची वळली नाही. घास मोठा होता, आणि तिला तो सावकाश चावायचा होता.