विसळलेली बाटली

महिपती आबांना स्वच्छतेचं वेड होतं, आणि गावाने त्याचा पुरेपूर फायदा घेऊन त्यांना जलसुरक्षक केलं होतं. टाकीत क्लोरीनची टीसीएल पावडर टाकायची, नळ सोडायचे आणि दर महिन्याला पाण्याचा नमुना वडगावच्या प्रयोगशाळेत पोचवायचा, हे त्यांचं काम. अकरा वर्षांत एकही अहवाल 'अयोग्य' आला नव्हता. सगळे अहवाल फायलीला लावलेले होते, आणि घरी पाहुणा आला की चहाच्या आधी फाइल यायची.

म्हणून खालच्या आळीतली कोमल जेव्हा म्हणाली, "आबा, पाण्याला वास येतोय, मी पोरीला उकळूनच देते," तेव्हा ते त्यांना चांगलंच झोंबलं. तिच्याच नळाचा नमुना घेऊन ते वडगावला गेले आणि 'पिण्यास योग्य' असा कागद आणून चावडीवर चारचौघांत वाचून दाखवला. "आता उकळायचं सोड. गॅस काय फुकट येतो व्हय?" लोक हसले. कोमलही हसली.

पुढच्याच महिन्यात तिच्या ओवीला कावीळ झाली. शाळेबाहेरची पाणीपुरी बाधली असणार, असं आबांनी ठरवून टाकलं. स्वतःच्या पाण्यावर संशय घ्यायला माणसाला फार मोठं मन लागतं, आणि तेवढं त्यांच्याकडे तेव्हा नव्हतं.

त्यानंतर पुन्हा नमुना घेऊन गेले, तेव्हा प्रयोगशाळेत अश्लेषा नावाची नवी मुलगी होती. बाटली घेता घेता तिने विचारलं, "काका, नमुना कसा घेता?"

"नळ पुसतो, पाणी जरा वाहू देतो, बाटली तीन येळा खळाखळा विसळतो, मंग भरतो." सांगून आबा शाबासकीची वाट बघत उभे राहिले.

तिने एक कोरी बाटली उजेडात धरली. तळाशी चिमूटभर पांढरं काहीतरी होतं.

"ही घाण नाही, काका. हे औषध मुद्दाम घातलेलं असतं. ते पाण्यातल्या क्लोरीनचं काम तिथल्या तिथे थांबवतं, म्हणजे नळाला जसं पाणी होतं तसंच आम्हाला तपासता येतं. तुम्ही बाटली विसळता, त्यात औषध धुऊन जातं. मग क्लोरीन वाटभर जंतू मारत राहतं. इथे पोचेपर्यंत पाणी सुधारलेलं असतं, पण लोक ते नळावर भरून लगेच पितात."

हे जलसुरक्षकांच्या प्रशिक्षणात सांगितलं असणारच. पण त्या दिवशी जेवणात जिलबी होती, आणि आबा दुपारभर पेंगत होते.

नवी बाटली घेऊन ते थेट कोमलच्या नळावर गेले. हात शिवशिवत होते, तरी विसळली नाही. तीन दिवसांनी अहवाल आला: पिण्यास अयोग्य. शोधलं तर आळीतल्या गटाराखालून गेलेल्या पाइपाचा जोड सुटलेला. नवा जोड टाकला की पुढचा अहवाल चांगला येईल, विसळण्याची गोष्ट गावात कुणाला कळणारही नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. असा हिशेब मनात धरूनच ते कोमलकडे दुरुस्तीचं सांगायला गेले.

कोमलने तांब्या-पेला पुढे ठेवला. ओवी भिंतीला टेकून वही लिहीत होती. तिच्या डोळ्यांतला पिवळेपणा अजून पुरता गेला नव्हता. तिच्याही हातात पेला होता.

"उकळलेलं हाय का गं?" आबांनी विचारलं.

"न्हाई. तुमी कागद आणल्यापास्नं सोडलं की. डॉक्टर उकळा म्हनलं, पर मी म्हनलं, आमच्या आबांनी तपासून आणलंय."

आबांना भडभडून आलं. एवढा विश्वास त्यांच्यावर घरच्यांनीही कधी ठेवला नव्हता. त्यांनी ओवीच्या हातातला पेला काढून घेतला.

"नगं पिऊ, बाय. कोमल, बाटली विसळायची नसती आणि मी अकरा वर्सं विसळत आलो. माजे समदे कागद फुकट हायेत, तुला दाखवला त्यो बी. पोरीला मी आजारी पाडलं."

कोमल उठली, दोन्ही पेले आणि तांब्या मोरीत ओतला आणि पातेलं भरून गॅसवर ठेवलं. आबांनी टोपी सारखी केली आणि दाराकडे वळले.

"घरी जाऊ नगासा," ती पाठमोरीच म्हणाली. "आदी आळीत घरोघर जाऊन ह्येच सांगा, जसं मला सांगितलं तसं. मंग हितं या पानी प्यायला. तवर निवंल."