दोन नाणी, तीन गावं

श्रीकृष्णबुवांकडे एकच संध्याकाळ मोकळी आणि कीर्तनाला बोलावणारे तिघे: दाभोसा, साखरशेत आणि जव्हारच्या पुष्पावतीकाकू.

योगिता दाभोशाहून जिजाआत्याला घेऊन जीपनं बुवांच्या घरी आली होती. पाड्यावर आजवर बुवांचं कीर्तन झालं नव्हतं. आत्यानं ते फक्त मोबाईलवर ऐकलेलं, तेही रेंज असेल तेव्हा.

"भांडण नको," काकू म्हणाल्या. "दोन नाणी उडवू. दोन्ही छापे पडले तर दाभोसा, दोन्ही काटे पडले तर साखरशेत, एकेक पडला तर माझ्याकडे. तिघांना सारखंच!"

साखरशेतच्या फागूभाऊंनी मान डोलावली. बुवांनी खिशातून दोन नाणी काढली. योगिता पुढे झाली. दहावीच्या वर्गात हेच तर शिकवलं होतं!

"बुवा, थांबा. काकूंचा वाटा दुप्पट आहे. एकेक दोन तऱ्हांनी पडतो."

"अगं, सरळ घाल की उलट घाल, पोळी तीच!" काकू फणकारल्या.

"नाही हो काकू. तुमच्यात आणि आत्यात एकीनं कीर्तनाला जायचं, एकीनं घरी गुरं राखायची. कोण कुठे, यानं फरक पडतो की नाही?"

"पडतो तर! गुरं मी नाही राखणार."

"मग छापा-काटा वेगळा, काटा-छापा वेगळा. तुमच्या तऱ्हा दोन, आमची एकेक."

बुवा मांडी थोपटून हसले. "अरे विठ्ठला! पोरीनं पूर्वरंगातच पकडलं आपल्याला!"

काकूही ओशाळून हसल्या. "देवाशपथ, मला ठाऊक नव्हतं गं."

मग एक नाणं दहाचं, एक पाचाचं घेतलं. दहाचा छापा, पाचाचा काटा तर काकू. उलट पडलं तर पुन्हा उडवायचं.

पहिल्यांदा उलटच पडलं. योगितानं डोळे मिटले. पुन्हा खणखण झालं.

"दोन्ही काटे!" फागूभाऊ ओरडले.

साखरशेत. योगिताला आत्याकडे बघवेना. उगाच तोंड उघडलं का? पण गप्प बसली असती तर पहिल्याच फेकीत कीर्तन काकूंकडे गेलं असतं.

"रडतेस काय," आत्या म्हणाली. "फागू, टाळ हायत का तुझ्या गावात?"

"नाहीत ना, आत्या."

"मग आमचे आणू. पन टाळ आमचे, तर पुढं बी आम्हीच बसनार!"

"बसा की," फागूभाऊ म्हणाले. "जीप मी पाठवतो."