दांडीवर उरलेली नऊवारी

मी एक नऊवारी, तंजावरहून बोलते आहे. काल सुप्रभाला रात्रभर झोप लागली नाही. त्याचं कारण मी आहे, आणि हे सांगताना मला मुळीच वाईट वाटत नाही.

सुप्रभा या तंजावरी मराठी घरची सून. एम.ए. झालेली, पण गॅस बंद केला की नाही ते तीनदा बघणारी. आज तिच्या सात वर्षांच्या कीर्तनाला शाळेच्या वेशभूषा स्पर्धेत मला नेसून उभं राहायचं होतं, आणि सुप्रभाला मी नेसवता येत नव्हते. स्टेजवर कासोटा सुटला तर? मुलं हसली तर? पोरगी उद्यापासून शाळेत जाईना झाली तर? ती कूस बदलत होती. वर दांडीवरून मी मनात म्हटलं, कर काळजी. सुटणारच आहे.

वैर कसं पडलं ते सांगते.

कुंभकोणमजवळच्या एका मागावर माझा जन्म झाला. रंग वांगी, काठ मोहरीच्या रंगाचा, पदराला खऱ्या चांदीची जर. सुप्रभाच्या सासूबाई भवानीबाई, त्यांच्या लग्नात मी या घरी आले आणि पुढे चाळीस वर्षं त्यांचं पूजेचं सोवळं झाले. छताखाली आडवी बांबूची दांडी, तिच्यावर माझी जागा. सकाळी अंघोळ करून त्या मला काठीने खाली ओढायच्या. तोवर मला कुणी शिवायचं नाही. शेजारी त्यांच्या यजमानांचा, बाळकृष्णराव मास्तरांचा, सोवळ्याचा पंचा. नवराबायको दिवसभरात चार शब्द बोलत नसत. पण पंचा वाळत टाकताना मास्तर तो माझ्या काठाला टेकेल असाच टाकत. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

मास्तर गेले. दीड वर्षाने भवानीबाई गेल्या. त्याच वर्षी घरात केबल आली, मिक्सर आला आणि गल्लीत तो सायकलवाला आला. जुन्या जरीच्या साड्या द्या, नवी स्टीलची भांडी घ्या.

सुप्रभाने पेटी उघडली. माझ्या तिघी बहिणी काढल्या, मास्तरांचं लग्नातलं उपरणं काढलं. "नऊ वार आता कोण नेसतं? मला सहा सावरत नाहीत," ती स्वतःलाच म्हणाली. त्या माणसाने जरीचा एक धागा काडीने पेटवला, निरखून पाहिला, मान डोलावली. कीर्तना उंबऱ्यावर बसून सगळं बघत होती. बदल्यात इडलीपात्र आलं.

सुप्रभाला वाटलं होतं, साड्या कुणा गरिबाच्या अंगाला लागतील. शेजारच्या तमिळ अलमेलु मामींनी तिला संध्याकाळी सांगितलं, "नेसतात कुठल्या? जाळतात ग. राखेतून चांदी काढून घेतात."

सुप्रभा दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी त्याच पात्रात इडल्या झाल्या आणि त्या मऊ झाल्या असं तिचा नवरा म्हणाला. मी वरून ऐकलं. तेव्हाच ठरवलं, हिला चारचौघांत खाली बघायला लावीन.

मी वाचले ती एकाच कारणाने. सोवळ्याला हात लावायचा की नाही, हे विचारायला सुप्रभाला कुणी उरलं नव्हतं. म्हणून तिने लावलाच नाही. दोन वर्षं मी दांडीवर धूळ खात लोंबकळले.

मग ही स्पर्धा आली. वर्गातल्या मुली कॉम्प्युटर होणार होत्या, एक टूथपेस्ट होणार होती. कीर्तना म्हणाली, "मी अज्जी होणार."

आज सकाळी सुप्रभाने डोक्यावरून पाणी घेतलं आणि काठीने मला ओढलं. मी मुद्दाम तिच्या तोंडावर पडले. नेसवायला अलमेलु मामी आल्या.

"पदर तुमच्यात कुठल्या खांद्यावर?" मामींनी विचारलं.

"डाव्या असावा. का उजव्या?"

"सासूला रोज बघत होतीस ना ग?"

"समोर असायच्या, मामी. बघायचं राहिलं."

"मग आमच्यासारखं नेसवते. परीक्षकांना काय कळतंय."

मामींनी त्यांच्या रीतीने पदर उजव्या खांद्यावर टाकला आणि अकरा पिना लावल्या. मला पिनांची भीती नाही.

स्टेजवर चौथ्या पावलाला मी सुटू लागले. कासोटा घसरला, निऱ्या पायांत आल्या. पुढच्या रांगेत कुणी फिसकन हसलं. सुप्रभा खुर्चीतून अर्धी उठली होती. तिचा चेहरा मी नीट पाहून घेतला. एक टीचर सावरायला धावल्या.

कीर्तनाने मला दोन्ही मुठींत धरलं आणि टीचरना दरडावलं, "लांब राहा. मी सोवळ्यात आहे."

टीचर जागच्या जागी थांबल्या. लोक हसले, पण आता टीचरना. मग पोरीने पदर ओढून डाव्या खांद्यावर घेतला, त्याचं टोक कमरेला खोचलं आणि वर अंगठ्याने दाबलं. अगदी तसंच. भवानीबाई असंच दाबायच्या. मला घट्ट राहावं लागलं. त्या बोटांवर सूड कसा उगवू?

दुसरा नंबर आला. पहिला टूथपेस्टला गेला.

आता संध्याकाळ आहे. फुलाफुलांची नायटी घालून सुप्रभा पलंगावर माझी घडी करते आहे. आजपासून माझी जागा कपाटात. "ही मी कुणाला देणार नाही हं," ती कीर्तनाला सांगते आहे. तिला वाटतंय मी विरघळले. माझा डाव फसला हे खरं, पण माझ्या तिघी परत आलेल्या नाहीत. तुमच्या दारात सायकल थांबली तर पेटी उघडण्याआधी उंबऱ्याकडे एकदा बघा, एवढंच सांगते.

कीर्तना मघापासून आईच्या नायटीचं कापड चिमटीत धरून बघत होती.

"अम्मा," ती म्हणाली, "तू मेलीस की ही नायटी देऊन काय मिळेल?"