भुवईवरचा व्रण

"बोलू नकोस, गाल हलतात," असं म्हणत ताईने त्याची हनुवटी चिमटीत धरली आणि दवाखान्याच्या जिन्यातच त्याच्या तोंडावर स्पंज फिरवायला घेतला. ताई नाटकांची रंगभूषा करायची. राजे, भुतं, अधूनमधून एखादं प्रेत. आजारी माणूस धडधाकट दाखवायचं काम मात्र पहिलंच.

इंजेक्शनांनी त्याच्या कोपरांवरचा इसब असा पळाला होता, की जणू कधी आलाच नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा तो सलग झोपत होता. पण त्याच इंजेक्शनांनी चेहरा लालबुंद केला होता. ऑफिसात निम्मे विचारत, "कुणावर चिडलायस?" आणि निम्मे, "कोण रे ती?" डॉक्टरांनी पाहिलं तर औषध बंद करतील, या धास्तीने त्याने ताईला सोबत आणलं होतं.

"दिसत नाही ना गं?"

"माझ्या हातचं कधी दिसलंय?"

आत डॉक्टरबाईंनी त्याची कोपरं उलटसुलट करून पाहिली आणि त्या खूश झाल्या. एवढ्या उकाड्यातही त्यांच्या गळ्याला स्कार्फ होता.

"चेहरा?"

"ठणठणीत," तो म्हणाला. आवाज तेवढा ठणठणीत नव्हता.

बाईंनी कॉम्प्युटरवरचा त्याचा जुना फोटो पाहिला, मग त्याला.

"भुवईवर व्रण होता तुमच्या. इंजेक्शनाने तोही गेला?"

त्याने ताईकडे पाहिलं. ताई पंख्याकडे पाहत होती.

"सवय हो," ती पुटपुटली. "अर्धवट तोंड सोडवत नाही मला."

बाईंनी कापूस पुढे केला. ताई पुसत गेली, लाली उजाडत गेली. त्याचा हात आपसूक कोपराकडे वळला. खाज नव्हती, तरीही. ताईने न बघताच त्याचं मनगट धरलं, लहानपणापासून धरायची तसं.

"काहींना होतं असं या औषधाने," बाई म्हणाल्या. "मलम देते. इंजेक्शन चालू राहील. पण पुन्हा लपवलंत, तर बंद!"

त्याने हुश्श केलं. दोघं उठली.

"थांबा जरा."

बाईंनी स्वतः जाऊन दार लावलं, कडी घातली आणि स्कार्फ सोडला. गळा थेट कानांपर्यंत लाल होता. हुबेहूब त्याच्या चेहऱ्यासारखा.

"मीही हेच इंजेक्शन घेते," त्या ताईला म्हणाल्या. "संध्याकाळी भाषण आहे माझं. याच औषधावर."

"आणि ते मलम?" त्याने विचारलं.

"रोज लावते," बाई म्हणाल्या.

ताईने पेटी उघडली.

"मान वर करा, डॉक्टर. आणि बोलू नका."